सप्टेंबरचा इटालियन वर्ग चुकवू नकोस

तोरिनो,
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

तुझा मेल काल रात्री वाचला आणि आज सकाळपासून उत्तर लिहायचं डोक्यात घोळतंय. ॲडमिशन झाली, तीही माझ्याच गावात, याचा इतका आनंद झालाय की काय सांगू! आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. विद्यापीठाने सप्टेंबरमध्ये नवशिक्यांसाठी इटालियनचा इंटेन्सिव्ह वर्ग ठेवलाय, तो करावा की नाही? तुझं म्हणणं असं की मास्टर्स सगळं इंग्रजीतून आहे, प्रवेशाला इटालियनची अट नाही, मग महिनाभर आधी येऊन भाड्याचे युरो का घालवायचे.

मन्या, ये. उधारी करावी लागली तरी कर, पण महिनाभर आधी ये.

इंग्रजी वर्गात आहे, हे खरं. प्राध्यापक इंग्रजीत शिकवतात, स्लाइड इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पण वर्ग सुटला की इंग्रजीही सुटतं. इथे पाय ठेवल्यापासून कामाच्या आठ दिवसांत तुला राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेरमेस्सो दि सोज्जोर्नोचा अर्ज करावा लागतो, आणि तो पोस्टातून जातो. पोस्टात पिवळ्या पट्टीचं मोठं पाकीट मिळतं, आतले फॉर्म इटालियनमध्ये. त्यावर सोळा युरोचं सरकारी तिकीट, मार्का दा बोल्लो लागतं. ते पोस्टात मिळत नाही, समोरच्या सिगारेट-तंबाखूच्या दुकानात, ताबाक्कीत मिळतं. मग कोदिचे फिस्काले, म्हणजे आपल्या पॅनसारखा नंबर, त्याशिवाय घरभाड्याचा करार होत नाही. मग डॉक्टर, बँक, सिमकार्ड. यातल्या प्रत्येक खिडकीपलीकडचा माणूस बहुतेक वेळा चांगला असतो, मदत करायची त्याची तयारी असते, पण त्याला इंग्रजी येईलच असं नाही. आणि त्याला ते का यावं? आपण त्याच्या गावात आलोय.

इंटर्नशिपला तर याहून जास्त गरज पडते. तोरिनोच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे-मोठे कारखाने आहेत, आपल्याकडे चाकण-रांजणगावला आहेत तसेच. मुलाखत इंग्रजीत होते. पण मी जिथे काम केलं तिथे ड्रॉइंगवरच्या पेन्सिलने केलेल्या टिपा इटालियनमध्ये होत्या, आणि तीस वर्षं मशीनवर उभा असलेला कारागीर इटालियनमध्येच बोलायचा. त्याच्याकडून जे शिकायला मिळालं ते कुठल्याही लेक्चरमध्ये नव्हतं. भाषा येत नसती तर त्याने मला कॉफी पाजली असती, हसला असता आणि कामाला लागला असता. तुझ्या मावसबहिणीलाही हे सांग. ती इथे इंग्रजीतून मेडिकल करायचं म्हणतेय ना? पुढे वॉर्डात जायची वेळ आली की पोटात कुठे दुखतंय हे पेशंट इटालियनमध्येच सांगणार. तिला तर दुसरा पर्यायच नाही.

मी स्वतः सुरुवात मध्य इटलीतल्या पेरुजाला केली, हे तुला माहीतच आहे. तिथलं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ या बाबतीतलं जुनं नाव. आस्तोर्रे लुपात्तेल्ली नावाच्या वकिलाने १९२१ मध्ये तिथे परदेशी लोकांसाठी अभ्यासवर्ग सुरू केले, १९२५ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून जगभरातली मुलं तिथे येऊन पहिला धडा गिरवतायत. तसंच दुसरं सिएनाला आहे. पेरुजाच्या इमारतीचं नाव पालात्सो गाल्लेंगा, अठराव्या शतकातला वाडा. दारातून बाहेर पडलं की समोर रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांची दोन हजार वर्षांहून जुनी दगडी वेस उभी. पण मला ते गाव आवडलं ते त्यासाठी नव्हे. गाव लहान आहे, टेकडीवर आहे, आणि तिथे इंग्रजीवर भागत नाही. माझ्या वर्गात चिनी मुलं बरीच होती, ब्राझीलच्या दोघी, एक इराणी, एक व्हिएतनामी. संध्याकाळी सगळे कथेड्रलच्या पायऱ्यांवर बसायचो. कित्येकांचं इंग्रजी माझ्या इटालियनपेक्षाही तोकडं. त्यामुळे मोडकंतोडकं का होईना, बोलायचं ते इटालियनमध्येच. वर्गातले चार तास एकीकडे आणि त्या पायऱ्या एकीकडे.

वर्ग कसा चालतो ते सांगतो, म्हणजे तुला दडपण येणार नाही. साधारण रोज सकाळी चार तास, आठवड्याचे पाच दिवस. बाई पहिल्या मिनिटापासून इटालियनमध्ये बोलतात. इंग्रजीत समजावून सांगा म्हटलं तर हसतात आणि तेच वाक्य हातवारे करून पुन्हा म्हणतात. पहिले तीन-चार दिवस कानात नुसता आवाज घुमतो. त्याला घाबरायचं नाही. आठवडा संपता संपता आवाजाचे शब्द होऊ लागतात.

आता मला तुला खरं सांगायचंय ते हे, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. इटालियन इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शीक. वर्गात सगळे मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करत बसतात आणि अडतात. आपल्याला त्याची गरजच नाही, उच्चार आणि व्याकरणाच्या काही बाबतींत आपली भाषा या भाषेच्या जास्त जवळ आहे.

उच्चारच घे. इटालियनमधला त आणि द अगदी आपला त आणि द, जीभ दातांना लावून. इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणालास की ते वेगळंच ऐकू येतं. पिझ्झातला तो जोड आवाज म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, फक्त दुप्पट दाबून. असा च इंग्रज माणसाला शब्दाच्या सुरुवातीला म्हणताना घाम फुटतो, आपण तो रोज म्हणतो. जोडाक्षरांचंही तसंच. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा आणि ‘नोनो’ म्हणजे नववा. ‘पाल्ला’ चेंडू, ‘पाला’ फावडं. श्रुतलेखनाच्या तासाला अर्धा वर्ग इथे गळायचा. अण्णा, पक्का, कच्चा म्हणत वाढलेल्या माणसाला तो फरक लगेच ऐकू येतो. म्हणून एक कर. पहिल्या आठवड्यात वहीच्या समासात प्रत्येक नव्या शब्दाचा उच्चार देवनागरीत लिही. फार उपयोग होतो.

व्याकरणात तर मला हरखून जायला झालं. आपल्याला ‘मी’ म्हणावं लागत नाही, ‘येतो’ म्हटलं की कळतं; त्यांचंही तसंच, क्रियापदाच्या शेवटावरून कोण बोलतंय ते समजतं. विशेषणं आपल्यासारखीच बदलतात, चांगला-चांगली-चांगले. आवडण्याचं वाक्य आठव. मला कॉफी आवडते, मला पुस्तकं आवडतात. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता होतो, आपल्याकडे आवडणारी वस्तू कर्ता होते. इटालियनमध्ये अगदी आपल्यासारखं, ‘मि पियाचे’ एका वस्तूला, ‘मि पियाच्चोनो’ अनेक वस्तूंना. इंग्रजीवरून येणाऱ्यांना हे कळायला दोन दिवस लागले. मला शिकावं लागलंच नाही.

आणि भूतकाळ! मी गेलो, मी गेले. ‘सोनो आंदातो’, ‘सोनो आंदाता’. जाण्यायेण्याच्या क्रियापदांत रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. खाल्लं, पाहिलं म्हणताना मात्र मराठीत रूप कर्माकडे बघतं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. इटालियनमध्ये हे थोडं निराळं आहे. ‘ओ मांजातो ला पित्सा’, म्हणजे ‘मी पिझ्झा खाल्ला’ (त्यांच्याकडे पित्सा स्त्रीलिंगी), इथे काही बदलत नाही. पण पित्सा हा शब्द न घेता ‘ती मी खाल्ली’ म्हणायचं झालं, की ते सर्वनाम आधी येतं आणि क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे होतं, ‘लो मांजाता’. बाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं, शेवटच्या ‘आ’खाली लाल खडूने रेघ मारली आणि वर्गाकडे पाहिलं. सगळे गोंधळले. खाणारा पुरुष, मग क्रियापद स्त्रीलिंगी कसं? मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आपण रोज हेच करतो. त्या दिवशी तासानंतर मी बाईंना मोडक्या इटालियनमध्ये आमच्या भाषेत असंच असतं म्हणून सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला फळ्यावर मराठी वाक्य लिहायला लावलं. देवनागरी अक्षरं त्या वर्गाने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असतील. मी ‘मी पोळी खाल्ली’ लिहिलं. फार बरं वाटलं, मन्या.

मराठी जिथे मदत करत नाही तेही सांगून ठेवतो. आपल्याकडे नामाआधी काही लावत नाहीत. इथे इल, लो, ला, इ, ल्यी, ले, आणि कुठे काय लावायचं हे शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आणि लिंगावर ठरतं. मग ‘चा-ची-चे’ अर्थाच्या ‘दि’ला तेच चिकटून देल, देल्लो, देल्ला होतं. याला पाठांतराशिवाय उपाय नाही. पाढे पाठ केले तसे मोठ्याने म्हण. दुसरं म्हणजे शब्दाचा शेवट गिळायचा नाही. बोलताना शेवटचा अ सोडून द्यायची आपल्याला सवय असते, आणि इटालियनमध्ये सगळं त्या शेवटच्या स्वरात असतं: आमीको मित्र, आमीका मैत्रीण, आमीची मित्र अनेक. तो स्वर स्वच्छ उच्चारला पाहिजे. मोठ्यांशी बोलताना ‘लेई’ वापर. ते मुळात ‘ती’चं रूप आहे, समोर पुरुष असला तरी. पोस्टातल्या खिडकीशी ‘तू’ म्हटलेलं चालत नाही. अहो-जाहोत वाढलेल्या आपल्या मुलांना ते कुठे वापरायचं हे सांगावं लागत नाही.

महिन्यात किती येईल, हेही तू विचारलंयस. ए-वन, म्हणजे युरोपातल्या भाषेच्या मोजपट्टीवरची पहिली पायरी. म्हणजे स्वतःबद्दल सांगणं, वाट विचारणं, बाजारहाट, वेळ, तारीख, साधा फॉर्म. फार चिकाटी धरलीस तर पुढच्या पायरीच्या, ए-टूच्या दारापर्यंत. महिन्यात अस्खलित करून देऊ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. इथे इटालियनमधून पदवी करायला येणाऱ्या चिनी मुलांसाठी मार्को पोलो आणि तुरान्दोत नावाच्या योजना आहेत, त्यांत ती मुलं पदवीच्या आधी दहा-अकरा महिने नुसती भाषा शिकतात, तेव्हा कुठे लेक्चर समजण्याइतकी तयारी होते. त्यावरून अंदाज घे. पुढेमागे प्रमाणपत्र हवं झालं तर पेरुजाची चेली, सिएनाची चिल्स किंवा दान्ते सोसायटीची प्लिदा या परीक्षा आहेत, पण आत्ता त्याचा विचार नको.

वर्गात स्पॅनिश किंवा पोर्तुगीज बोलणारे असले तर ते पहिल्या आठवड्यातच पुढे पळतील. त्यांना अर्धं आधीच समजत असतं. बाईही नकळत त्यांच्या वेगाने जायला लागतात. अशा वेळी हात वर करायचा आणि पुन्हा सांगा म्हणायचं. आपल्याकडे शंका विचारणाऱ्या मुलाकडे वर्ग जसा बघतो तसं इथे कोणी बघत नाही. आणि वर्ग मोठा असेल, वीसच्या वर मुलं असतील, तर दुपारी बोलायची सोय स्वतःच कर. सराव जिभेला हवा.

सगळ्यात मोठा धोका वर्ग संपल्यावर आहे. सप्टेंबरात कमावलेलं ऑक्टोबरात जातं. लेक्चर सुरू होतात, आपली मुलं भेटतात, एकत्र घर घेतात, रात्री वरण-भात आणि हिंदी-मराठी. मला त्यात गैर काही वाटत नाही, परक्या देशात आपलं माणूस लागतंच. पण चारही खोल्यांत आपलेच असतील तर इटालियन संपलं म्हणून समज. घरात सोबत राहणारा एक तरी इथला किंवा दुसऱ्या देशाचा बघ. माझ्या ओळखीत एक खोली रिकामी होतेय, मालकीणबाई वयस्कर आहेत, फार बोलतात. तुझ्यासाठी याहून चांगलं काय? हवी असेल तर विचारतो.

शनिवारी सकाळी पोर्ता पालात्सोच्या बाजारात जायची सवय लाव. युरोपातल्या मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक आहे, घराजवळच्या सुपरमार्केटपेक्षा स्वस्त. गेल्या आठवड्यात मी तिथे रांगेत होतो. पुढे एक म्हातारी इथल्याच पिएमोंते प्रांतातली, टोमॅटोच्या ठेल्यावर मोरोक्कन माणूस, माझ्यामागे रोमानियन बाई. चौघं चार ठिकाणचे आणि टोमॅटो कालच्यापेक्षा महाग का, यावर वाद चाललाय इटालियनमध्ये. म्हातारीने मध्येच माझ्याकडे वळून विचारलं, तूच सांग, बरोबर आहे का हे? मी सांगितलं. कुणी माझे उच्चार बघितले नाहीत की व्याकरण तपासलं नाही. मला किलोभर टोमॅटो आणि वर तुळशीची जुडी मिळाली.

तेव्हा आजच विद्यापीठाला कळव की सप्टेंबरचा वर्ग हवाय. नवशिक्यांच्या तुकड्या लवकर भरतात. व्हिसाची अपॉइंटमेंटही त्या हिशेबाने घे, कारण वर्गाची सुरुवात हुकली तर पुढच्या लोकांना गाठणं अवघड जातं. येताना जाड दोनशे पानी वही आण. काकूंनी मेतकूट दिलं तर नाही म्हणू नकोस. विमानतळावर मी येतो. परवान्याच्या अर्जालाही पोस्टात तुझ्याबरोबर येईन, पण खिडकीशी बोलायचं तू.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग. तारीख ठरली की लगेच कळव.

तुझाच,
दिल्या