मध्यंतराची जागा चुकते

महोदय,

गाजलेले जुने इंग्रजी चित्रपट पुन्हा पडद्यावर येऊ लागले आहेत, ही नाशिकच्या प्रेक्षकांसाठी आनंदाची गोष्ट आहे. मात्र ख्रिस्तोफर नोलन यांचा 'इन्सेप्शन' (२०१०) लावायचा झाला, तर चित्रपटगृहचालकांनी आधी मध्यंतराचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

चित्रपट १४८ मिनिटांचा. दुसऱ्याच्या स्वप्नात शिरणाऱ्या टोळीची ही गोष्ट. विमानात झोपून ती स्वप्नाच्या आत स्वप्न अशी खाली उतरत जाते आणि दर पायरीला वेळ लांबत जातो. बरोबर मध्यावर दिवे लागले, तर टोळी पहिल्या स्वप्नातल्या गोदामात अडकलेली असते आणि पुढची उतरंड तोंडावर आलेली असते. विमानातले १० तास पहिल्या स्वप्नात आठवडाभर, दुसऱ्यात ६ महिने, तिसऱ्यात १० वर्षे, असा हा हिशेब. तो डोक्यात बसत असतानाच पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहावे लागले, की पुढचे दुवे निसटतात. वरच्या स्वप्नात, झोपलेली टोळी जिच्यात आहे ती व्हॅन कोलांटते, म्हणून खालच्या स्वप्नात हॉटेलचा कॉरिडॉर गरगर फिरतो. (हा कॉरिडॉर संगणकावरचा नाही. इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे, वायुनौकांच्या (एअरशिप) जुन्या हँगरमध्ये सुमारे १०० फूट लांबीचा सेट बांधून तो प्रचंड कड्यांमध्ये बसवला आणि मोटरवर खरोखर फिरवला.) कारण विसरले, की हे दृश्य नुसती कसरत वाटते आणि 'काही कळलं नाही' हा शेरा चित्रपटाच्या माथी बसतो.

मध्यंतराची नेमकी जागा चित्रपटातच आहे. साधारण तासाभराने तयारी संपते आणि मंडळी विमानात बसतात. थांबायचे ते त्याच्या अगोदर. चित्रपट चालवणाऱ्या डिजिटल सर्व्हरच्या प्लेलिस्टमध्ये ही वेळ मिनिट-सेकंदांत भरता येते. ऑपरेटरने चित्रपट एकदा पाहून ती भरावी, एकूण वेळेला दोनाने भागून नव्हे. कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपून काही क्षणांत दाखवणारे दादासाहेब फाळके याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरात जन्मले. काळाशी खेळणारा चित्रपट निदान इथे तरी जपून दाखवला जावा.

आवाजाकडेही लक्ष हवे. ध्वनी-प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याचे बटण, ७ वर असणे हे प्रमाण. पण तक्रारी नकोत म्हणून तो अनेकदा साडेचार-पाचवर आणतात. आवाज उतरवला, की कानाला आधी खर्ज ऐकू येईनासा होतो. या चित्रपटात तर खर्जातच कथेची खूण आहे. झोपलेल्यांना जागे करण्यासाठी फ्रेंच गायिका एदित पियाफ यांचे गाणे लावतात आणि खालच्या स्वप्नांत तेच संथ, घनगंभीर होऊन पोहोचते. हान्स झिमर यांनी त्याच संथ सुरांवर पार्श्वसंगीत रचले आहे.

श्रेयनामावलीच्या अगदी अखेरीस हे गाणे पुन्हा वाजते, जणू प्रेक्षकांना उठवण्यासाठी. तेव्हा शेवटचे दृश्य संपताच दिवे लावून पडदा बंद करू नये. साफसफाई तेवढी मिनिटे थांबवावी आणि पुढच्या खेळाची वेळ ठरवतानाच ती धरावीत.

— एक चित्रपटप्रेमी, गंगापूर रोड, नाशिक