पगाराचं खरं खरं

बर्गन, नॉर्वे
12 जानेवारी 2025

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोकला गेला. आई, व्हिडिओत गाल बसलेले दिसले ते खिडकीच्या उजेडामुळे. वजन तेवढंच आहे आणि जेवतोही वेळेवर.

बाबा, तात्यांचं बोलणं मनाला लागून राहिलंय. "पोरगा महिना साडेचार लाख कमावतो, तरी बापाचं छप्पर गळतंय." फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. मी तुमच्यापासून पगार लपवलेला नाही. इथे तो लपवताही येत नाही.

नॉर्वेत प्रत्येकाची वर्षाची कमाई, मालमत्ता आणि भरलेला कर सरकार दर वर्षी लोकांना खुला करतं. एकोणिसाव्या शतकापासूनची चाल आहे. पूर्वी याद्या कार्यालयात ठेवत, लोक जाऊन चाळत. आता कर खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःची ओळख पटवून नाव टाकलं, की शेजारी असो नाहीतर साहेब, आकडा समोर येतो. तो वजावटी जाऊन उरलेला असतो, त्यामुळे पगाराचा नुसता अंदाज येतो. महिन्याला 500 नावंच बघता येतात. कोण बघून गेलं हे आधी कळत नसे. 2014 पासून ज्याचा आकडा बघाल त्याला तुमचं नाव कळतं, तेव्हापासून बघणारे एकदम कमी झाले. पहिल्या वर्षी माझं नाव त्यात दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्याकडे पगार विचारतात सगळेच, पण खरा सांगतं कोण? आता मला ही पद्धत पटते.

माझा पगार महिन्याला 58 हजार क्रोनर (इथलं चलन), कर कापायच्या आधी. 2024 मध्ये इथला सरासरी पगारच सुमारे 59 हजार होता. कराचा सर्वांत वरचा टप्पा वर्षाला साडेतेरा लाख क्रोनरच्या पुढे लागायचा, माझी वर्षाची कमाई त्याच्या निम्म्याच्या आसपास. तात्या एका क्रोनरचे आठ रुपये धरून गुणतात, पण घरभाडं, दूध, बसचा पास मला क्रोनरमध्येच द्यावा लागतो.

आणि बाबा, तुमचाही हिशोब केला. पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2024 मध्ये भारताचे आकडे मांडले. 2022-23 मध्ये वरच्या दहा टक्क्यांत यायला माणशी वर्षाला सुमारे 2 लाख 90 हजार पुरत होते, वरच्या एका टक्क्यासाठी जवळपास 21 लाख. तुमची पेन्शन महिना 42 हजार. तुमच्या एकट्याच्या नावावर धरली तर तुम्ही देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत बसता! जुनी पुस्तकं वापरून शिकलो, आपण गरीब असं समजत मोठा झालो, आणि यादीत आपण वर. मग शेजारच्या शांताक्का कशावर भागवतात, हा विचार रात्रभर डोक्यातून जाईना.

आई, मिरजेच्या स्थळाचं कळलं. फोटो पाहिला, बोलायला माझी ना नाही. पण मामांनी बायोडाटात लिहिलेलं 'वार्षिक 55 लाख' आधी खोडा. 'बर्गनला नोकरी, पगार इथल्या सरासरीइतका' असं लिहा. मुलगी इथे आली तर तिला माझा आकडा दिसणारच आहे. एवढं ऐकून त्यांनी नाही म्हटलं तरी चालेल.

छपरासाठी दीड लाख शुक्रवारी पाठवतो. पावसाळ्याआधीच पाठवायला हवे होते, तेव्हा घराची अनामत भरावी लागली. तुम्हाला बोललो नाही, ती माझी चूक. पत्रे आत्ताच सांगून ठेवा, एप्रिलनंतर सुतार मिळत नाही.

बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी तुमच्याबरोबर मी असायला हवं होतं. मे महिन्यात सोळा दिवसांची रजा मिळाली आहे, तिकीट काढलंय. दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यातलीच घ्या. तोवर थेंब वेळेवर घाला, आईला आठवण करायला लावू नका.

तुमचा,
सुहास