आमच्या घरातला भोंगा बंद करणाऱ्या अण्णांना

अण्णा, सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुम्ही हिशेब करून घाईघाईने निघालात, आणि नीट आभार मानायचे राहूनच गेले. तुमचा नातू हे वाचून दाखवेल.

बाबांच्या गुडघ्यांसाठी बाथरूममध्ये स्टीमचं मशीन बसवलं खरं, पण सकाळी साडेपाचला ते सुरू झालं की घर जागं व्हायचं. आधी रटरट, मग खडखड, मधेच भिंतीत एक दणका. इंदूरच्या रामबागेत आमची भिंत ती शेजारच्यांची भिंत. काकूंनी एकदा विचारलंच, "हुकुमचंद मिल पुन्हा सुरू झाली का गं?" बाबा इतके ओशाळले की त्यांनी वाफ घेणंच सोडलं. बसवणारा येऊन म्हणाला, आवाज तर येणारच, हवं तर फोम गुंडाळून देतो.

तुम्ही मात्र आल्या आल्या स्टूल मागितलं. मशीन चालू करायला लावलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्याला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बसून राहिलात. माझा चहा गार झाला, मला वाटलं डुलकी लागली! मग म्हणालात, "एक नाही, चार आवाज आहेत." 1991 साली मिल बंद पडेपर्यंत तुम्ही तिथे बॉयलरवर होतात, हे मला त्यानंतर कळलं.

फोम तर तुम्ही हातानेच बाजूला सारलात. तापणाऱ्या मशीनला हवा लागते, कोंडायचं नसतं. आवाजाआधी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासलात. मग विजेचा एमसीबी पाडून, मशीन गार होऊ देऊन टाकीचं पाणी सोडलं, तर बादलीत अंड्याच्या टरफलासारखे पांढरे कपचे पडले. एक माझ्या तळहातावर ठेवलात. बोअरिंगच्या पाण्यातला चुना कॉइलवर बसतो, त्याच्या थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, तीच ती खडखड. एवढं सगळं ठाऊक असूनही लिंबूसत्त्व घालण्याआधी मशीनसोबत आलेलं पुस्तक माझ्याकडून वाचून घेतलंत, चालतं ना म्हणून. हे मला फार आवडलं.

दणका गच्चीवरच्या प्रेशर पंपाचा निघाला. मशीनची टाकी भरली की पाण्याचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतो आणि जोरात येणारं पाणी पाइपात आदळतं. तुम्ही प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावलात, सुटा पाइप रबराच्या क्लॅम्पने आवळलात. मशीन थेट भिंतीला ठोकलेलं होतं, म्हणजे ती भिंत ढोलकीच झाली होती. ते उतरवून माळ्यावर जाड रबरी पायांवर ठेवलंत. राहिली गुळगुळ. वाफेचा पाइप मधे झोळीसारखा लोंबत होता, त्यात पाणी साचायचं. त्याला उतार दिलात, गुळगुळ गेली. त्या पाइपावर एक नळ बसवून घ्यावा असं मी सुचवलं, तेव्हा तुम्ही चक्क ओरडलात. वाफेची वाट कधी अडवायची नाही! बरं झालं ओरडलात.

आता फक्त सुस्स असा बारीक आवाज येतो, आणि सुरू होताना एक टक. तेवढं राहणार, असं तुम्ही सांगितलं होतंच. तुमच्या सांगण्यावरून मशीनला वेगळी छोटी टाकी केली आहे, दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी तिच्यात भरतो. वाफ घेऊन झाली की मशीनची टाकी रिकामी करायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय, आणि ते रोज मला तसं कळवतात.

तो कपचा अजून खिडकीत ठेवलाय. पाहुण्यांना दाखवते. काकूंनाही दाखवला, तर त्यांनी तुमचा नंबर मागून घेतला. त्यांचा गीझर म्हणे खडखडतोय. फोन आला तर आधी आमच्याकडे पोहे खाऊन मग तिकडे जा.

तुमची,
रामबागेतली सूनबाई