पार्ल्याच्या मित्रास, इंदूरहून

इंदूर,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय भिया,

परवा अनंत चतुर्दशी झाली. रात्री दोनपर्यंत जेल रोडवर झांक्या, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतले देखावे, बघत उभा होतो. सकाळी उठून पाहतो तर तुझा तो लांबलचक मेसेज, की लोक आता धर्म बघूनच मत देतात. ‘तुम्ही इंदूरवाले मत देता की नवस फेडता?’ याला मोबाइलवर अंगठ्यानं उत्तर देणं जमेना, म्हणून कागद काढला. अक्षर लावून घे.

आधी तुझी खोड काढतो. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून देशात सगळ्यात गाजलेली जी निवडणूक रद्द झाली, ती इंदूरची नाही, तुझ्या पार्ल्याची. डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू निवडून आले, १९८९ मध्ये हायकोर्टानं निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम केला. भाषणं बाळासाहेब ठाकऱ्यांची होती, त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. आणि त्याच दिवशी त्याच कोर्टानं मनोहर जोशींना मात्र सोडलं. ‘पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल’ असं म्हणणं म्हणजे धर्माच्या नावानं मत मागणं नव्हे, ती नुसती आशा झाली, म्हणे. पुढे २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की उमेदवाराच्याच काय, मतदाराच्या धर्माचं नाव घेऊनही मत मागता येणार नाही. छानच झालं. पण हल्ली मागतं कोण? उमेदवार देवळात जातो, सोवळं नेसून हात जोडतो, मागे कॅमेरेवाला असतो. तोंडानं एक अक्षर नाही. धर्माच्या नावानं मत मागायला बंदी करणारं निवडणूक कायद्याचं कलम १२३ बिचारं काय करणार?

आता इंदूरचं. तुला आठवतं का बघ, माझी आई सोळा सोमवार, चातुर्मास, सगळं काटेकोर करणारी. १९६२ च्या लोकसभेला तिनं आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते होमी दाजींना. माणूस पारशी, त्यात कम्युनिस्ट, म्हणजे देवधर्माशी दोन्हीकडून संबंध तुटलेला. इंदुरात पारशी मूठभर, तरी दाजी अपक्ष उभे राहून खासदार झाले. बाबा मिलच्या हजेरी खात्यात होते. आई सांगते, ‘तुझे बाबा म्हणाले, हा आपला माणूस आहे.’ त्या ‘आपला’मध्ये मिलचा भोंगा होता, बोनस होता, युनियनची वर्गणी होती. धर्म देवघरात होता, आणि चांगला ठणठणीत होता. मिलचे कामगारच तर गणपतीच्या झांक्या काढायचे. लाल झेंडेवाला आणि तिरंगेवाला एकाच झांकीला खांदा देत असत. मोहरमला राजवाड्यापाशी होळकरांच्या वेळेपासूनचा सरकारी ताजिया यायचा, अजून येतो. तोही बघायला आपण जायचोच, रेवडीसाठी का होईना.

पुढे मिला बंद पडल्या. हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकलेले पैसे मिळाले ते २०२३ च्या डिसेंबरात, तीस वर्षांनी. तोवर कित्येक जण वर गेले होते. बाबांची मिल निराळी, तिची कथा तुला पाठ आहे, पुन्हा उगाळत नाही. भोंगा गेला, युनियनचं ऑफिस गेलं, झांकी मात्र राहिली. परवा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरानं विचारलं, ‘अंकल, ये मिल क्या है, किसी मंडल का नाम है?’ मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. माणसाला ‘आपला’ म्हणायला चार जागा होत्या. तीन बंद पडल्या. उरलेल्या चौथ्या जागेवर गर्दी झाली तर नवल कसलं?

आणि आपण दोघं तरी कुठले शहाणे? १९८९ आठव. मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं होतं, आपण एकोणीसचे, भलतेच हवेत. गल्लीत रामशिलेची, म्हणजे अयोध्येच्या मंदिरासाठीच्या विटेची पूजा झाली, सव्वा रुपया दक्षिणा. ती वीट एका बाजूनं मी धरली होती आणि दुसऱ्या बाजूनं तू. हो, तूच. तेव्हा मला काय वाटत होतं ते अजून आठवतं. कुणाचा राग नव्हता, नुसती मजा होती, आपण कशात तरी आहोत अशी. बाबांनी ओसरीवरून बघितलं आणि आत निघून गेले. त्या वर्षी इंदुरातून सुमित्राताई महाजन पहिल्यांदा निवडून आल्या, माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवून, आणि तेव्हापासून ओळीनं एकूण आठ वेळा. आई ताईंनाच मत द्यायची. पण विचारलंस तर राम वगैरे काही सांगणार नाही. ‘चिपळूणची लेक, इंदूरची सून, आपल्यासारखं मराठी बोलते.’ झालं. बाहेरचा मोजणारा तिला हिंदू मत म्हणून मोजतो. आई स्वतःला काय म्हणून मोजते, ते कुणी विचारत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती तू कधी काढत नाहीस याचं मला आश्चर्य वाटतं. ती वीट आपल्या गल्लीपर्यंत आली, त्या वाटेचं एक टोक आपल्याच शहरात आहे. शाहबानो इंदूरची. नवरा वकील, चांगली चालती वकिली. म्हातारपणी तिला घराबाहेर काढलं. १९७८ मध्ये तिनं इंदूरच्या कोर्टात पोटगी मागितली, तर नवऱ्यानं तलाक देऊन टाकला. कोर्टानं किती मंजूर केले ठाऊक आहे? महिना पंचवीस रुपये. हायकोर्टानं वाढवून केले १७९ रुपये २० पैसे. त्या वीस पैशांपाशी मी दर वेळी अडखळतो. नवरा एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत भांडला आणि २३ एप्रिल १९८५ ला हरला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या पाच जणांच्या पीठानं सांगितलं, फौजदारी संहितेचं कलम १२५ सगळ्यांना सारखं.

तिथंच हे संपायला हवं होतं. एका म्हातारीला दरमहा पैसे मिळाले असते. पण मौलवी उठले, मोर्चे निघाले, त्या डिसेंबरात बिहारात किशनगंजच्या पोटनिवडणुकीत या निकालाविरुद्ध उभे राहिलेले सय्यद शहाबुद्दीन निवडून आले आणि राजीव गांधींच्या माणसांनी हिशेब मांडला. १९८६ मध्ये निकाल बोथट करणारा कायदा झाला. त्याला विरोध करून आरिफ मोहम्मद खान मंत्रिपद सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येतल्या वादाच्या वास्तूचं कुलूप उघडलं. कोर्टाच्या हुकुमानं उघडलं हे खरं, पण ‘एकांना ते दिलं, दुसऱ्यांना हे’ असंच देशानं वाचलं. दोन्ही पारडी भरली असं ज्यांना वाटलं त्यांचा तराजूच हातातून गेला. आणि शाहबानो? तिनं आधीच अंगठा उठवून जाहीर पत्र दिलं होतं की निकाल मागे घ्या. तिच्यावर काय काय आलं असेल ते आपण इथं वाढलेली माणसं ओळखू शकतो. तू ‘बहुसंख्याकांचं राजकारण’ म्हणतोस ना, ते मला मान्य आहे. पण त्याची नांदी एका मुसलमान बाईला तिच्याच लोकांच्या नावानं गप्प करून झाली, हे तुझे मित्र फार भराभरा ओलांडतात. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुसलमान बायकांचा मोर्चा घेऊन मुंबईच्या विधिमंडळावर गेले होते. त्यांच्यामागे तेव्हा कोण उभं राहिलं?

दुसऱ्या बाजूला, लोक नुसते देवाकडे बघून बटण दाबतात हेही मला पटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली आणि जूनमध्ये अयोध्या ज्यात येते त्या फैजाबादेत भाजप हरला. खुल्या जागेवरून अवधेश प्रसाद हे दलित उमेदवार निवडून आले. रामाचं दर्शन घेऊन लोकांनी समाजवादी पक्षाच्या सायकलीचं बटण दाबलं असेल, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसेल.

आपल्या इंदुरात त्याच निवडणुकीत काय झालं ते तू पेपरात वाचलंच. काँग्रेसच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये गेला. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकानं आले, आणि दुसऱ्या नंबरावर कोण? ‘नोटा’, म्हणजे ‘यांपैकी कुणीच नाही’, २ लाख १८ हजारांवर मतं. यात धर्म कुठंच नव्हता, तो नुसता सौदा होता, म्हणून तुझ्या सिद्धांतात तो बसत नाही.

मतदानाच्या दिवशी आईला घेऊन गेलो होतो. पंच्याऐंशीच्या पुढच्यांसाठी घरी येऊन मत घेतात, पण तिनं ऐकलं नाही, लुगड्याची घडी मोडून तयार. आत बराच वेळ लागला. बाहेर आली ती त्रासलेली.

‘अरे, पंजा कुठं गेला?’

‘त्यांचा माणूस पळाला, आई. तुला त्यांना द्यायचं होतं का?’

‘छे! त्यांना मी जन्मात दिलं नाही. पण दिसायला नको का तिथं?’

रिक्षात बसल्यावर तिनं दाजींची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी ऐकली. कोणतं बटण दाबलं ते मात्र सांगितलं नाही, आणि मी माझंही तिला सांगितलं नाही.

दिवाळीला येतोस की नाही ते कळव. आई तुझी आठवण काढते. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाऊ आणि उरलेलं भांडण तिथं भांडू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विटेची दुसरी बाजू