जुना कूलंट गटारात नको, महापालिकांनी तो स्वीकारावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2022 पासून टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, होंडा सिटी यांसारख्या गाड्यांची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी) रूपे बाजारात आली आणि ठाणे-नवी मुंबईतील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ती आता सर्रास दिसतात. त्यांतील सुरुवातीच्या अनेक गाड्यांची मूळ वॉरंटी संपली असून, रविवारी सकाळी बॉनेट उघडून ऑइल, फिल्टर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) अशी कामे घरच्या घरी करणारे मालक माझ्या पाहण्यात वाढले आहेत. मीही ही कामे स्वतःच करतो. आपल्या गाडीची देखभाल आपल्या हाताने करण्यात गैर काहीच नाही. परंतु गाडीतून निघालेला जुना कूलंट पुढे कुठे जातो, याचा विचार रेडिएटरचा प्लग सैल करण्यापूर्वी झाला पाहिजे आणि तो प्रश्न सोडवण्यात महापालिकांनीही हात दिला पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या भागातील एका सोसायटीत हे काम चाललेले मी नुकतेच पाहिले. रेडिएटरखालचा प्लग निघताच गुलाबी द्रव खाली ठेवलेल्या घमेल्यात न मावता उताराने वाहत पावसाळी गटाराच्या जाळीपर्यंत गेला. घमेल्यातला उरलेला भागही तिथेच ओतला गेला, आणि नंतर फ्लश करण्यासाठी, म्हणजे आतला भाग धुऊन काढण्यासाठी, आत सोडलेले नळाचे पाणी फिकट गुलाबी होऊन त्याच वाटेने गेले. जाळीच्या कडेला फरशीच्या खळग्यात थोडा द्रव साचला होता, तो एक भटका कुत्रा चाटू लागला. वॉचमनने त्याला हाकलले म्हणून बरे झाले.

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते आणि त्याची चव गोडसर असते. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे ग्लायकोलिक आणि ऑक्झॅलिक आम्लात रूपांतर होते, ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड मिलिलिटर शुद्ध ग्लायकॉल प्राणघातक ठरू शकते, म्हणजे मोठ्या मांजराला चहाचे एक-दोन चमचे पुरतात. उपचार आहेत, पण ते काही तासांच्या आत सुरू व्हावे लागतात, आणि रस्त्यावरच्या प्राण्याला ते कोण देणार? लहान मुलांनाही हाच धोका आहे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेला जुना कूलंट गुलाबाच्या सरबतासारखा दिसतो, म्हणून तो मूळ कॅनमध्येच, झाकण घट्ट लावून आणि वर ठळक चिठ्ठी चिकटवून ठेवावा. अमेरिकेत कॅलिफोर्निया, ओरेगॉन अशा काही राज्यांनी कूलंटमध्ये कडू द्रव्य मिसळणे कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडेही तसे व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पावसाळी गटारात ओतलेली वस्तू सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जात नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ती नाल्यातून, नवी मुंबईत अनेक ठिकाणी होल्डिंग पाँडमधून (पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावांमधून), सरळ खाडीत पोहोचते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ग्लायकॉल पाण्यात कुजते खरे, पण कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. शिवाय वर्षानुवर्षे इंजिनात फिरलेल्या कूलंटमध्ये धातूंचे अंशही उतरलेले असतात.

हायब्रिड गाडीत हा प्रश्न अधिक मोठा होतो, तो मुख्यतः फ्लशिंगच्या हौसेमुळे. अशा बहुतेक गाड्यांत इंजिनाचे आणि इन्व्हर्टरचे (बॅटरीची वीज मोटरला योग्य अशी करणाऱ्या यंत्रणेचे) कूलंट वेगवेगळ्या टाक्यांत असते आणि दोन्हींच्या बदलाची मुदतही वेगळी असू शकते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने काही जण ज्या टाकीला हात लावण्याची गरजच नव्हती तीही रिकामी करतात. इंजिनाच्या भागात साधारण पाच-सहा लिटर कूलंट असते, पण रेडिएटरचा प्लग उघडला की त्यातील काही भागच बाहेर येतो आणि बाकीचा इंजिन ब्लॉकमध्ये अडकून राहतो. तो काढण्यासाठी पुन्हा पुन्हा पाणी भरून सोडले, तर बघता बघता पंधरा-वीस लिटर दूषित पाणी जमा होते. त्यातून गाडीचेही भले होत नाही. ब्लॉकमध्ये राहिलेल्या पाण्यामुळे वरून ओतलेला तयार मिश्रणाचा कूलंट पातळ होतो, त्यातील गंजरोधक घटक कमी पडतात, आणि नळाच्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतात ते वेगळेच. जुना कूलंट स्वच्छ असेल, त्यात गाळ, तेल किंवा गंज दिसत नसेल, तर फ्लश न करता जेवढा निघेल तेवढा काढून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचाच नवा भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असे मात्र समजू नये, कारण रंगाचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही.

सुरक्षिततेबद्दलही सांगितले पाहिजे. हायब्रिड गाडी ‘रेडी’ (चालू, निघायला तयार) स्थितीत असताना इंजिन बंद वाटले तरी ते कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकते, म्हणून काम करताना गाडी पूर्ण बंद करून चावी लांब ठेवावी. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलना हात लावू नये आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. अनेक हायब्रिड इंजिनांत पाण्याचा पंप पट्ट्यावर नव्हे, विजेवर चालतो. अशा गाडीत नवा कूलंट भरताना आत अडकलेली हवा काढण्यासाठी पुस्तिकेत दिलेली खास पद्धत वापरावी लागते, कधी त्यासाठी स्कॅनरही (गाडीच्या संगणकाला जोडायचे उपकरण) लागतो. तो नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्यावे.

आता मुख्य मागणीकडे येतो. वापरलेल्या इंजिन ऑइलला भाव मिळतो, ते विकत घेणारे आहेत, आणि 1 एप्रिल 2024 पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. जुन्या कूलंटला कोणी वाली नाही. मी विचारलेल्या एका गॅरेजमध्ये मला “तिकडे नाल्यात सोडा” असेच सांगण्यात आले. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र उभारण्याची आणि त्याच्या वेळा जाहीर करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. त्या नियमांतील यादीत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे होती, कूलंटचा उल्लेख नव्हता. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी अशा केंद्रांवर कूलंट आणि ब्रेक ऑइल स्वीकारले जाईल, असे स्पष्ट शब्दांत जाहीर करावे आणि जमा झालेला माल तळोजा येथील घातक कचरा प्रक्रिया प्रकल्पाकडे पाठवण्याची व्यवस्था करावी. नवा कॅन विकणाऱ्या दुकानदारांनी जुना कूलंट परत घेतला, तर लोकांची पायपीटही वाचेल.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींनाही एक विनंती आहे. पार्किंगमध्ये गाडीचे काम करण्यावर सरसकट बंदी घातली, तर तेच काम रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या आणखी जवळ होईल. त्यापेक्षा पंप रूमच्या कोपऱ्यात झाकणाचा, कुलूप लावता येईल असा एक ड्रम आणि सांडलेले टिपण्यासाठी लाकडाच्या भुशाचे एक पोते ठेवावे. महापालिकेची व्यवस्था होईपर्यंत जुना कूलंट निदान तिथे सुरक्षित राहील.

आपला नम्र,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई