शनिवारवाड्यातील ‘भूतशोध’

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

हाती यंत्रे घेऊन शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचे भूत शोधणाऱ्या हौशी मंडळींच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्याही ‘झपाटलेल्या जागां’च्या यादीत वाड्याला हमखास स्थान देतात. भुताखेतांवर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझा आक्षेप या प्रकाराला ‘वैज्ञानिक तपास’ म्हणण्याला आहे.

या मंडळींचे लाडके उपकरण म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर. विजेच्या तारांभोवतीचे क्षेत्र मोजणे हे त्याचे काम, आणि ते तो चोख करतो. वाड्यासमोर शिवाजी रस्ता आहे, आवारात दिव्यांच्या तारा आहेत, शोधकांच्या स्वतःच्या खिशात मोबाइल आहेत; मीटरचा दिवा लुकलुकला यात नवल कसले? अवरक्त तापमापक ज्या पृष्ठभागावर रोखावा त्याचे तापमान सांगतो, हवेचे नव्हे, त्यामुळे दगडावरून तो लाकडावर वळवला की आकडा बदलतोच. छायाचित्रातले तेजस्वी गोळे बहुधा भिंगाजवळ फ्लॅशने उजळलेले धूलिकण असतात. ध्वनिमुद्रणाची तर गंमतच आहे: नुसती खरखर ऐकवण्यापूर्वी पडद्यावर ‘काका, मला वाचवा’ ही अक्षरे झळकवली जातात, आणि मग आपल्या कानांना नेमके तेच ऐकू येते. अक्षरे झाकून हीच खरखर दहा अनोळखी माणसांना ऐकवावी आणि काय ऐकू आले ते प्रत्येकाकडून वेगवेगळे लिहून घ्यावे, एवढी साधी परीक्षाही मी पाहिलेल्या एकाही चित्रफितीत नव्हती. तीच मोजमापे भर दुपारी, किंवा ज्या जागेला कसलीही आख्यायिका नाही अशा जागी, कोणी घेतलेली दिसत नाहीत.

खरा तपास कसा असतो याचे उदाहरण इंग्लंडमधील कोव्हेन्ट्रीचे आहे. विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत एकटे असताना अंगावर काटा येई, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती भासे. पुढे तेथेच शिकंज्यात पकडलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरताना दिसल्यावर त्यांनी कारणाचा माग काढला, आणि नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी खोलीत निर्माण होत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. १९९८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष सर्वांनाच पटलेला नाही. पण कोणालाही तपासून पाहता येईल अशा रीतीने तो मांडलेला आहे, हे महत्त्वाचे.

शिवाय ही मंडळी नेमके काय तपासतात? १८२८ च्या आगीत वाड्याचे लाकडी मजले जळून गेले. तट, बुरूज, दरवाजे आणि हिरवळीतले जोते तेवढे उरले. ज्या दालनांतून नारायणराव धावले असतील, ती आज अस्तित्वातच नाहीत.

मला अधिक खुपते ते वेगळेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले आणि अठरा वर्षांच्या पेशव्याचा खून झाला. त्यानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून, प्रत्यक्ष सत्तेवर असलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे सांगितले. पुराव्यावरून सत्तेला जाब विचारणारी ही चौकशी मराठेशाहीच्या इतिहासातले एक मोठे पान आहे, पण वाड्यात येणारी किती मुले ते वाचून परत जातात? त्यांना किंकाळी ठाऊक असते, न्यायाधीश नव्हे. दाव्यांची तपासणी करायला आयुष्यभर शिकवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली तो पूल येथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून तर हे अधिकच बोचते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने नारायण दरवाजाजवळ १७७३ च्या खुनाची आणि त्यानंतरच्या चौकशीची हकीकत सांगणारा सविस्तर मराठी फलक लावावा आणि सायंकाळी इतिहासाच्या जाणकारांसोबत वाडा पाहण्याची सोय करावी, अशी विनंती आहे. आपल्या पुरवणीत यापुढे वाड्याच्या भुताविषयी मजकूर आलाच, तर त्याच पानावर रामशास्त्र्यांच्या निवाड्यालाही तेवढीच जागा मिळावी.

कळावे,
आपला एक वाचक,
पुणे