नवशिक्यांना 'लेटेस्ट'वर विसंबायला शिकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंटेनर (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधून चालवायची पद्धत) वापरून ॲप्लिकेशन क्लाउडवर कसे चढवायचे, हे टप्प्याटप्प्याने सांगणारा लेख नुकताच आपल्या पुरवणीत आला. हा विषय मराठीत इतक्या सोप्या भाषेत कोणी मांडला याचा मनापासून आनंद झाला. माझ्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलांनी तो एकमेकांना पाठवलेला मी पाहिला आणि म्हणूनच त्यातल्या एका वाक्याबद्दल लिहिणे मला भाग आहे. शेवटच्या टप्प्यात लेखकाने सांगितले आहे की इमेजच्या, म्हणजे कंटेनर ज्यावरून चालतो त्या बांधलेल्या गठ्ठ्याच्या, नावापुढे 'लेटेस्ट' हा टॅग लावा, म्हणजे नेहमी सर्वांत नवी आवृत्ती चालेल. तसे होत नाही. आणि तसे होते असे धरून चालणाऱ्यांच्या रात्री कशा जातात, ते मी वर्षानुवर्षे जवळून पाहते आहे.

माझे काम डिप्लॉयमेंटचे. डेव्हलपरनी लिहिलेला कोड इमेजमध्ये बांधला गेला की तो चालत्या सर्व्हरपर्यंत सुखरूप पोहोचवायचा, आणि बिघडला तर वेळीअवेळी उठून रुळावर आणायचा. या कामात सर्वाधिक वेळ कोडमधली चूक शोधण्यात जातो असे लोकांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. वेळ जातो तो 'आत्ता नेमके काय चालू आहे' याचे उत्तर मिळवण्यात.

डॉकर या कंटेनर बांधून चालवायच्या साधनात इमेज ओळखायच्या दोन रीती आहेत. एक टॅग, म्हणजे माणसांनी सोयीसाठी दिलेले नाव : १.४, स्टेबल, लेटेस्ट. दुसरा डायजेस्ट, म्हणजे इमेजच्या मजकुरावरूनच एसएचए-२५६ पद्धतीने काढलेली ६४ अक्षर-अंकांची ओळख. इमेजमध्ये एक बाइट बदलला तरी डायजेस्ट बदलतो. टॅग मात्र दारावरच्या पाटीसारखा असतो. आत राहणारे बदलले तरी पाटी तीच राहू शकते, किंवा काढून दुसऱ्या दारावर लावता येते. 'लेटेस्ट'ला तर कुठलीच खास ताकद नाही. टॅग लिहिलाच नाही तर डॉकर हे नाव आपोआप धरते, एवढेच. तुम्ही आज १.५ या टॅगने नवी इमेज रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या कोठारात) ढकलली आणि 'लेटेस्ट' वेगळा ढकलला नाही, तर तो जुन्याच इमेजवर बसून राहतो.

हे वाचायला किरकोळ वाटेल. टॅग 'लेटेस्ट' नसून क्रमांकाचा असला तरी प्रत्यक्षात काय होते ते सांगते. एका ॲप्लिकेशनमध्ये नावांची यादी अकारविल्हे यायला हवी होती, ती विस्कळीत येत होती. दुरुस्ती छोटी होती. ती करणाऱ्या टीमने 'एवढ्याशा बदलाला नवा क्रमांक कशाला' म्हणून इमेज पुन्हा १.४ याच टॅगने रजिस्ट्रीत ढकलली. नंतर तक्रारी विचित्र येऊ लागल्या. त्याच माणसाला, त्याच पानावर यादी एकदा नीट लागलेली दिसे आणि पान रिफ्रेश केले की पुन्हा विस्कळीत. डेव्हलपर म्हणत, आमच्याकडे बरोबर चालते. टेस्टिंगवाले म्हणत, आमच्याकडे कधी चालते, कधी नाही. डेटाबेसवर संशय गेला, ब्राउझरच्या कॅशवर गेला, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरवरही गेला.

मूळ कारण होते कुबरनेटिसच्या, म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवून सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, एका साध्या नियमात. टॅग 'लेटेस्ट' सोडून दुसरा काही असेल आणि तुम्ही वेगळे काही सांगितले नसेल, तर इमेज पुल करण्याचे, म्हणजे रजिस्ट्रीतून आणण्याचे, धोरण 'इफ-नॉट-प्रेझेंट' असते. म्हणजे नोडवर (समूहातल्या एका सर्व्हरवर) त्या नावाची इमेज आधीपासून असेल तर तीच वापरायची, रजिस्ट्रीला विचारायचे नाही. जुन्या नोडवर जुनी १.४ साठवलेली होती, त्यामुळे तिथले पॉड (कंटेनर ज्यात चालतो तो घटक) कितीही वेळा नव्याने सुरू झाले तरी तीच घेऊन उठत. लोड वाढल्यावर जो नवा नोड जोडला गेला, त्याच्याकडे काहीच नव्हते. त्याने रजिस्ट्रीतून नवी १.४ आणली. विनंती ज्या पॉडकडे जाईल तसे उत्तर! यादीच्या कोडमध्ये कुणी कितीही डोके घातले असते तरी तिथे काही सापडले नसते.

उलगडा झाला तो दोन ओळींवरून, आणि याच दोन ओळी मी प्रत्येक नवशिक्याला पहिल्या आठवड्यात दाखवते. 'कुबसीटीएल डिस्क्राइब पॉड' ही आज्ञा दिली की कंटेनरच्या माहितीत 'इमेज' आणि त्याच्याच खाली 'इमेज आयडी' अशा ओळी येतात. 'इमेज' म्हणजे तुम्ही काय मागितले. 'इमेज आयडी' म्हणजे तुम्हाला काय मिळाले. सगळ्या पॉडच्या वरच्या ओळीत १.४ होते आणि खालच्या ओळीतले डायजेस्ट दोन प्रकारचे होते. काय चालवायचे ते लिहिलेली वायएएमएल फाइल, आपोआप बिल्ड-डिप्लॉय करणाऱ्या पाइपलाइनची हिरवी खूण, चॅटवरचा 'डिप्लॉय झाले' हा निरोप, या सगळ्यांतून फक्त मागणी कळते. मिळाले काय, हे चालत्या पॉडलाच विचारावे लागते. (एकच इमेज अनेक प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधलेली असेल तर समूहाचा एक डायजेस्ट असतो आणि त्यातल्या प्रत्येक इमेजचा आपापला वेगळा. तुलना करताना समूहाची तुलना समूहाशीच करावी, नाहीतर नसलेला फरक दिसतो.)

याच दुखण्याचे आणखी एक रूप आहे. नवी इमेज त्याच टॅगने ढकलायची, तीच फाइल पुन्हा अप्लाय करायची आणि काहीच बदलले नाही म्हणून चकित व्हायचे. कुबरनेटिस तिथे स्पष्ट सांगते, 'अनचेंज्ड'. त्याच्या दृष्टीने फाइलमधले अक्षरही बदललेले नाही, मग नवे पॉड कशासाठी करायचे? यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'रोलआउट रीस्टार्ट' (सगळे पॉड नव्याने सुरू करणे), सोबत पुल-धोरण 'ऑलवेज' (दर वेळी रजिस्ट्रीला विचारणे). नवी इमेज खरोखर येते. मला भीती वाटते ती त्यापुढच्या क्षणाची. समजा नवी इमेज सदोष निघाली. आता 'रोलआउट अनडू' (मागच्या नोंदीवर परतणे) केले तर मागच्या नोंदीतही तोच टॅग लिहिलेला आहे आणि तो टॅग आता सदोष इमेजकडेच बोट दाखवतो आहे. परत फिरायचे दारच बंद झालेले असते. ग्राहक खोळंबलेले, फोन वाजत असलेला आणि रोलबॅक करूनही तेच पडलेले ॲप्लिकेशन : ज्याने हे अनुभवले आहे तो पुन्हा टॅग फिरवायला धजावत नाही.

बाकीच्या काही चुका निदान तोंडाने बोलतात. 'इमेज-पुल-बॅकऑफ' (इमेज आणता येत नाही) दिसले की घाबरून पॉड पुसून टाकू नये. डिस्क्राइबच्या उत्तरात खालच्या इव्हेंट्समध्ये कारण लिहिलेले असते. 'मॅनिफेस्ट अननोन' म्हणजे त्या नावाचा टॅग रजिस्ट्रीत नाही, बहुधा टायपिंगची चूक किंवा बिल्ड पूर्ण होण्याआधीच डिप्लॉय सुटला. 'अनऑथराइज्ड' म्हणजे रजिस्ट्रीची किल्ली चुकली. 'टू मेनी रिक्वेस्ट्स' म्हणजे पुल करण्याची मर्यादा संपली. डॉकर हबने २०२० च्या नोव्हेंबरपासून अशा मर्यादा लावायला सुरुवात केली. पॉड सुरू होताच 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन पडत असेल तर आवृत्ती बरोबर असूनही प्रोसेसर चुकलेला असण्याची शक्यता मोठी. एआरएम चिप असलेल्या लॅपटॉपवर इमेज बांधली आणि सर्व्हर एएमडी-६४ (इंटेल-एएमडी जातीच्या चिपचा) असला की हे हमखास होते. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म स्पष्ट लिहिला की प्रश्न मिटतो.

न बोलणारी चूक पायाच्या इमेजमध्ये, म्हणजे जिच्यावर आपली इमेज बांधतो तिच्यात, लपते आणि तिच्याबद्दल लेखात एक अक्षरही नव्हते. डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म, जून २०२३ मध्ये आली. त्यानंतर पायथॉनच्या अधिकृत इमेजचे जे टॅग डेबियनच्या आवृत्तीचे नाव घेत नव्हते, ते आधीच्या बुलसआय आवृत्तीवरून बुकवर्मवर गेले. पायथॉन तेच ३.११ राहिले, पण खालची ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी १.१.१ वरून ३.० झाली. ज्यांच्या कोडसोबत जुन्या ओपनएसएसएलवर बेतलेली एखादी लायब्ररी होती, त्यांचे बिल्ड स्वतःच्या कोडची एक ओळही न बदलता मोडू शकत होते. डॉकरफाइलच्या (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलच्या) पहिल्या ओळीत नुसते 'पायथॉन ३.११' न लिहिता डेबियनचे नाव आणि शक्य तर डायजेस्ट लिहिणाऱ्यांना, बदल केव्हा स्वीकारायचा हे स्वतः ठरवता आले.

काही प्लॅटफॉर्म ही काळजी थोडी हलकी करतात. गूगलचे क्लाउड रन डिप्लॉयच्या क्षणी टॅगचा डायजेस्ट काढून त्या रिव्हिजनसाठी तोच धरून ठेवते. ॲमेझॉनच्या ईसीएस या कंटेनर सेवेतही २०२४ पासून एका डिप्लॉयमेंटमधल्या सगळ्या टास्कना (चालत्या कंटेनरना) एकच डायजेस्ट मिळेल अशी व्यवस्था आहे. ॲमेझॉनच्याच ईसीआर रजिस्ट्रीत टॅग न बदलणारे करता येतात. मग कोणी १.४ पुन्हा ढकलायला गेले तर रजिस्ट्रीच नकार देते. माझ्या मते ही सोय मुळातच चालू असायला हवी होती. कुबरनेटिसमध्ये मात्र डायजेस्ट लिहिणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

डायजेस्ट बांधून ठेवला तर सुरक्षेचे पॅच आपोआप येणार नाहीत, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खरा आहे. पण त्यावर उपाय आहे. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉटसारखी साधने नवा डायजेस्ट आला की बदलाचा प्रस्ताव उघडतात. चाचण्या चालतात, कोणीतरी पाहते, मग तो आत जातो. पॅच येतोच, फक्त आपल्या नजरेखालून येतो. दुसरी एक गोष्ट मात्र आवर्जून सांभाळावी लागते. टॅग पुढे सरकला की जुनी इमेज बिननावाची होते आणि कित्येक ठिकाणी रजिस्ट्रीच्या सफाईचे नियम बिननावाच्या इमेज पुसून टाकतात. चालू असलेला पॉड त्याने पडत नाही; पण तो दुसऱ्या नोडवर हलवायची वेळ आली की डायजेस्ट अचूक असूनही इमेज मिळत नाही. म्हणून प्रत्येक बिल्डला त्याच्या गिट कमिटवरून (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवरून) स्वतःचा टॅग द्यावा, तो कधी हलवू नये, डिप्लॉयच्या फाइलमध्ये टॅग आणि डायजेस्ट दोन्ही लिहावेत. दोन्ही असले तर कुबरनेटिस इमेज आणताना डायजेस्टच पाहते आणि माणसाला वाचायला टॅग राहतो.

लेखकाचा हेतू सोपे करून सांगण्याचा होता, याबद्दल मला शंका नाही. पण डायजेस्ट नवशिक्याला जड जातो, हे मला पटत नाही. माझ्यासोबत काम करणारी मुले त्याचे पहिले सात-आठ अंक एकमेकांना वाचून दाखवत सहज बोलतात. सुरुवातीला 'लेटेस्ट' शिकवले की पुढे ते मोडायला महिने लागतात, कारण एकट्याच्या लॅपटॉपवर ते नेहमी बरोबरच चालताना दिसते. एक नोड, एक माणूस, एक इमेज. गोंधळ सुरू होतो तो दुसरा नोड आणि दुसरा माणूस आल्यावर.

आपल्याला विनंती एवढीच की या लेखमालेच्या पुढच्या भागात त्या टप्प्याची दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास डिस्क्राइबच्या उत्तरातल्या त्या दोन ओळींचे चित्र सोबत द्यावे. लेखकांना हवे असेल तर नमुन्याची फाइल मी आनंदाने पाठवीन.

आपली,
डिप्लॉयमेंटचे काम करणारी एक वाचक